बदकांचा टाय

१

माळी हातात कुलूप घेऊन फाटकाशी उभा होता आणि माझा थोरला भाऊ तळ्याकाठच्या बाकावरून उठायचं नाव घेत नव्हता.

"दादा, ऊठ आता. बाग बंद करायचीय त्यांना."

"ती आली होती," दादा म्हणाला. "मला लांबून पाहिलं आणि परत गेली."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. आत्ता मेसेज आला." त्याने मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. "तू वाचू नकोस."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. जळालेली दुकानं पाहिली, न जळलेली पण जळाली म्हणून सांगितलेली दुकानंही पाहिली. पण माझ्या भावाइतका हतबल नुकसानग्रस्त माणूस मी पाहिला नव्हता.

दादा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, दादा प्लास्टरचा साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो. शहरातली निम्मी म्हातारी माणसं दादाच्या दातांनी हसतात. आणि गेल्या वर्षी नेमकं त्याच्याच तोंडावरून वारं गेलं. ओठाची डावी बाजू खाली ओढली गेली, ती तशीच राहिली. तेव्हापासून तो फोटो काढू देत नाही आणि कोणाशीही बोलताना उजवी बाजू पुढे करतो.

वहिनीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाच्या लेकीनेच त्याचं नाव जोडीदार शोधायच्या साइटवर घातलं. फोटो मात्र वारं जायच्या आधीचा. "नवा लाव," असं मी कानीकपाळी ओरडले. "भेटल्यावर सांगीन ना," हे त्याचं उत्तर. त्या साइटवर सगळेच भेटल्यावर सांगणार असतात! मीही एकदा त्या वाटेने जाऊन आलेय. प्रवासाची आवड आहे असं लिहिणारा गृहस्थ दोन स्टॉप लांब यायला कुरकुरला, आणि आला तो फोटोतल्या माणसाचा काका वाटावा असा. पण खोटं कशाला बोलू? आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना तिथेच नवरा मिळाला, आणि तो न सांगता भांडी घासतो.

दादाला तिथे शेजारच्या गावातली एक बाई भेटली. मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. गेले दोन महिने दादा साचे ओतताना गुणगुणायला लागला होता. आज चारला बागेत भेटायचं आणि मग जेवूनच परतायचं, असं ठरलं होतं. ते जेवण राहिलं बाजूला, मी त्याला टॅक्सीत घालून घरी आणलं.

खाली कारखाना, वर दादाचं घर, आणि त्याच मजल्यावर समोर मास्तरांचं. निवृत्त भूगोलाचे मास्तर. बायको नाही, मूल नाही. रोज संध्याकाळी दादाबरोबर बुद्धिबळ. त्यांचं दार उघडंच होतं. गॅलरीत पट मांडलेला, सोंगट्या जागच्या जागी, शेजारी बशांनी झाकून ठेवलेले चहाचे दोन कप.

"ये रे, बस," मास्तर म्हणाले.

देवासारखा शेजारी म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. दादा मुकाट्याने बसला, थोडा चहा प्यायला आणि पटाकडे बघतच बोलला.

"मी पुढच्या रविवारी लेकीकडे राहायला जातो. कायमचा. कारखाना बंद."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर. दादा खाली कारखान्यात होता, कोपरापर्यंत हात प्लास्टरने माखलेले. मोबाईल टेबलावर. त्याला उचलता येणार नव्हता, मला येत होता.

"अगं ए! वाचू नकोस म्हटलं होतं ना!"

"हात धुऊन ये आणि हिसकावून घे," मी म्हटलं आणि वाचलं.

'मी आले होते. लांबून तुम्हाला पाहिलं. फोटोतला माणूस आणि तुम्ही, यात फार फरक आहे. तोंड एका बाजूला गेलेलं, गळ्यात बदकांचा टाय. मला हे जमणार नाही. मी परत फिरले. पुन्हा लिहू नका.'

खाली, हे खातं आता बंद आहे अशी ओळ. शेजारी त्या बाईचं नाव आणि तोच फोटो, वर आलेल्या सुळ्याचा. त्या सुळ्यावरच तर दादा भाळला होता.

मी दोनदा वाचलं. मग शांतपणे पर्स उघडली. किल्ल्या, चष्मा, रुमाल. आणि त्याखाली गुंडाळी केलेला, मरून रंगाचा, पिवळ्या बदकांचा टाय.

झालं होतं असं. दादाच्या लेकीने रविवारी सकाळीच तो टाय विकत आणला आणि दुपारी बापाच्या गळ्यात बांधला. बागेत जाताना वाटेत माझं घर लागतं, म्हणून दादा मला दाखवायला वर आला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या गळ्यात बदकं! मी ती तिथल्या तिथे उतरवून जप्त केली. दादा बागेत गेला तो उघड्या गळ्याने.

"दादा, तू हा मेसेज शेवटपर्यंत वाचलास का?"

"तोंडापर्यंत वाचला," दादा म्हणाला. "पुढे वाचवेना."

मी टाय त्याच्या नाकासमोर धरला. "अरे, हा तुझ्या गळ्यात नव्हताच! जिने हे लिहिलं तिने तुला बागेत पाहिलेलंच नाही!"

मला वाटलं, गडी खूश होईल. तर हा म्हणतो, "म्हणजे ती आलीसुद्धा नाही. हे तर आणखी वाईट."

"शहाण्या! ती आली नाही, तर तिला बदकं कुठून कळली?"

दादाचे हात हवेत तसेच राहिले. टाय बांधला गेला तो घरात. म्हणजे लिहिणाराही घरातलाच होता.

३

आता दादाच्या प्रेमाची एक खोड सांगते, म्हणजे माझा जीव का मेटाकुटीला आला ते कळेल.

माणूस प्रेमपत्र लिहितो तेव्हा दार लावून घेतो. माझा भाऊ ते लिहून घ्यायचा! दिवसभर हात प्लास्टरात. टॅबलेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला, साइटवर त्याचं खातं कायम उघडं. तिचा मेसेज आला की जो कोणी जवळ असेल त्याला दादा म्हणणार, "जरा लिही रे." सकाळी हाताखालची बाई, दुपारी लेक, सुट्टीच्या दिवशी जावई, संध्याकाळी मास्तर. एका प्रेमाला चार कारकून! त्या बिचारीला वाटत असणार, आपण एका माणसाशी बोलतोय.

म्हणजे संशयितही चारच. पहिल्यांदा मी लेकीला आणि जावयाला बोलावलं. दोघं जवळच राहतात.

"आत्या, मी असं करीन?" लेक उसळली. "मीच तर नाव घातलं बाबांचं!"

"घातलंस तेव्हा कोणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं तुला. खरं बोल."

ती म्हणाली, "हो, भीती वाटत होती. बाबांना कोणी फसवलं तर? पण मी त्यांच्या तोंडाबद्दल लिहीन? त्यांच्या तोंडाबद्दल?" आणि रडायला लागली. मला रडणं आवडत नाही, पण खरं रडणं ओळखता येतं.

जावईबापूंना मात्र कंठ फुटला होता. "आत्या, सरळ फसवणूक आहे ही. अशा टोळ्या असतात. आधी गोड बोलायचं, मग पैसे मागायचे."

"तिने मागितले?"

"मागणारच होती."

"जाळ्यात मासा लागल्यावर जाळं टाकून पळणारा कोळी पाहिलाय का कुठे? काहीतरीच!"

"अहो, पण त्या साइटवर निम्मी खाती खोटी असतात! मास्तरांनाही मीच नाव घालून दिलं होतं गेल्या वर्षी. वर्षभरात एकीचंही उत्तर नाही आलं त्यांना. आणि बाबांना लगेच?"

"बाबांना सुळा आवडला म्हणून त्यांनी तसं लिहिलं. मास्तरांनी काय लिहिलं होतं?"

"शिक्षण, उंची आणि सवयी."

"मग बरोबर आहे. आता मला सांगा, रविवारी बाबा घरातून निघाले तेव्हा टाय कोणी कोणी पाहिला?"

लेकीने डोळे पुसले. "आम्ही दोघांनी. आणि मास्तरकाकांनी. ते गॅलरीतून म्हणाले पण, वा नवरदेव, आज आपल्या पटाला सुट्टी."

"टायचा फोटो काढलात? कोणाला पाठवलात?"

"बाबा फोटो काढू देतात का हल्ली?"

तेही खरंच. तेवढ्यात जावईबापूंनी खिळ्यावरचा टॅबलेट काढला. आपण हुशार आहोत हे दाखवायला ते नेहमीच उत्सुक असतात, आणि या खेपेला ते खरंच हुशार निघाले. त्यांनी कुठलं तरी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आत्या, त्या बाईंचं खातं बंद झालेलं नाहीये. चालू आहे. त्यांना इथूनच, बाबांच्या खात्यातून ब्लॉक केलंय."

"मराठीत सांगा."

"म्हणजे त्यांनी काही लिहिलं तरी बाबांना दिसू नये, अशी सोय केलीय कोणीतरी. कालचा मेसेज त्यांचा नाहीच. कोणीतरी त्यांचं नाव आणि फोटो लावून दुसऱ्याच खात्यातून पाठवला, आणि मग ते खातं बंद केलं." त्यांनी ब्लॉक काढलं. "आणि हे बघा. रविवारी सकाळी बाबांच्या नावाने तिला गेलेला मेसेज."

'येऊ नका. माझा विचार बदलला आहे. पुन्हा लिहू नका.'

रविवारी सकाळी दादा न्हाव्याकडे दाढी करायला गेला होता.

४

मेणबाई दुपारी आली. दादाच्या हाताखाली काम करते, मेणात दात बसवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, म्हणून तिला हे नाव. कारखाना बंद होतोय हे तिला सकाळीच फोनवर कळलं होतं. डोळे सुजलेले.

"सर जेवले का?" तिने आधी हे विचारलं.

"नाही. तू रविवारी कुठे होतीस?"

"मावशीकडे, तिकडे लांब. शनिवारीच गेले, आज सकाळच्या गाडीने आले. का?"

"सरांच्या गळ्यात काल काय होतं, सांगता येईल?"

"गळ्यात?" ती घाबरली. "गळ्याला काय झालं त्यांच्या?"

मी तो प्रश्न तिथेच सोडला. "तू त्या बाईंना किती दिवस लिहितेस?"

"पहिल्या दिवसापासून. सर सांगतात तसंच लिहायचे हो मी. शब्दाला शब्द." ती मेणाचा तुकडा उगाचच मळत राहिली. "फक्त एकदाच माझ्या मनची एक ओळ घातली. अगदी सुरुवातीला."

"कुठली?"

"ती नाही सांगणार."

"अगं बाई, इथे एका माणसाचा संसार मोडतोय आणि तू मूग गिळून बसणार?"

"मोडेल असं काही नव्हतं त्यात," ती हट्टाने म्हणाली. "आणि सांगितलं तर सर मला कामावरून काढतील. नंतर तिने मला उत्तर दिलं आणि मी दोन्ही पुसून टाकलं. तुम्ही काहीही करा, मी सांगणार नाही."

आणि खरंच नाही सांगितलं. ती उठून आत गेली आणि साचे घासायला लागली, इतक्या जोरात की एक फुटला.

माझं डोकं दुखायला लागलं होतं. वर गेले तर जिन्यात मास्तर, हातात डबा.

"तुमच्या भावासाठी खिचडी केलीय," ते म्हणाले. "ताई, मी सांगू का? खोदत बसू नका. झालं ते झालं. त्या साइटवर असंच असतं. माणूस माणसासारखा कळत नाही तिथे."

"खरंय," मी म्हटलं. "तुम्ही पण होता ना तिथे?"

"होतो." त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "आता नाही."

"कधीपासून नाही?"

"झाले असतील काही दिवस," मास्तर म्हणाले आणि दादाच्या दाराची कडी वाजवायला वळले.

मी जिन्यातच उभी राहिले. खाली जावईबापू होते. मी वरूनच ओरडले, "जावईबापू, मास्तरांचं खातं दिसतंय का बघा जरा!"

खालून आवाज आला, "नाही हो, आत्या. शनिवारी होतं. आज नाहीये."

५

माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकले. खोटा दावा करणारा माणूस कमी बोलून अडकत नाही, जास्त बोलून अडकतो. आग लागली एवढं सांगून भागत नाही त्याला. आगीत आजोबांचा फोटोही जळाला, असं सांगतो. तो फोटो मग दिवाणखान्यात सापडतो.

इथे बदकं सापडली.

संध्याकाळी मी मास्तरांच्या गॅलरीत गेले. पट मांडलेला होता. दादा काही आला नव्हता.

"बसू का? दोन चाली खेळू," मी म्हटलं.

"तुम्हाला येतं?"

"प्यादं पुढे जातं एवढं येतं." मी प्यादं सरकवलं. "मास्तर, मेसेज लिहिणाऱ्याने टाय पाहिला होता. मेणबाईने तो पाहिला नव्हता. ती गावातच नव्हती. म्हणजे ती सुटली."

मास्तरांनी घोडा उचलला.

"लेकीने आणि जावयाने पाहिला होता. पण मी तो उतरवला आणि लगेच लेकीला फोन करून झापलं. दोघं गाडीत होती, फोन मोठ्या आवाजावर, जावई बदकांसारखा आवाज काढून हसला. टाय गळ्यात राहिला नाही हे दोघांना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं असतं तर बदकं लिहिली नसती. राहिलं कोण? ज्याने दादाला टाय घालून जाताना पाहिलं, पण तो उतरल्याचं ज्याला कळलं नाही."

घोडा हातातच होता.

"आणि मला एक सांगा. दादा जेवून येणार होता. आज पटाला सुट्टी, असं तुम्हीच म्हणालात. मग आम्ही आलो तेव्हा दुसरा कप कोणासाठी झाकून ठेवला होता?"

मास्तरांनी घोडा पटावर ठेवला, चुकीच्या घरात.

"तो येणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, चोर पकडल्यावर बरं वाटेल. कसलं काय! समोर नीट इस्त्री केलेला सदरा घातलेला एक म्हातारा माणूस, आणि मला इतका राग आलेला की पट उधळावा.

"दोन महिने तो फक्त तिच्याबद्दल बोलतोय," मास्तर म्हणाले. "मीच लिहून देतो संध्याकाळी. तो सांगतो, मी लिहितो, ती हसते. खेळ अर्धाच राहतो. उद्या तो तिच्या गावी गेला असता, तर संध्याकाळी मी काय करायचं, सांगा ना ताई? मला वर्षभरात कोणी साधं नमस्कार लिहिलं नाही. त्याच खात्याला तिचा फोटो लावला. तेवढाच उपयोग झाला त्याचा."

"एकटं वाटत होतं तर तसं बोलायचं होतं! तोंडाला कुलूप होतं का? आणि त्याच्या ओठाचं कशाला काढलंत? नुसतं जमत नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं!"

"नसतं पुरलं," मास्तर खाली बघून म्हणाले. "तो तिच्या मागे गेला असता. हेच एक लागलं असतं त्याला. मी मित्र आहे ना त्याचा. मला माहीत होतं कुठे लागतं ते."

मागे दारात काहीतरी वाजलं. दादा उभा होता, हातात खिचडीचा रिकामा डबा.

६

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डबा कठड्यावर ठेवला आणि घरी गेला. मी मागोमाग.

"ऐकलंस ना सगळं? ती आहे! खरी आहे! तुझ्या नावाने तिलाच नकार गेलाय. चल, उद्या जाऊ तिच्याकडे."

"मी नाही येणार."

"अरे, का?"

"मास्तरने लिहिलं ते खोटं नाहीये," दादा म्हणाला. "फोटोतला माणूस आणि मी, फरक आहे. तिने खरंच पाहिलं असतं तर हेच म्हणाली असती. मास्तरने फक्त आधी सांगितलं. मी रविवारी लेकीकडे जातोय."

काय करावं या माणसाचं! चोर सापडला, माल सापडला, आणि मालक म्हणतो चोरी बरोबरच होती.

लेक म्हणाली, तिला मेसेज करू. मी म्हटलं, या घरातून लिहिलेल्या एकाही ओळीवर कोणी विश्वास ठेवू नये. जायचं ते तोंड दाखवायला. आणि तोंड ज्याचं काळं झालंय त्यानेच जायचं.

म्हणून सकाळच्या बसने मी आणि मास्तर निघालो. सगळा रस्ता मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी एकदा खिडकी हवी का विचारलं, मी तेही ऐकू न आल्यासारखं केलं.

पोहण्याच्या तलावात चार-पाच पोक्त माणसं काठाला घट्ट धरून पाय झाडत होती. काठावर ती, गळ्यात शिट्टी, ओले केस. वर आलेला सुळा मी लांबूनच ओळखला. वर्ग सुटेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग मास्तर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, ओठाचंही नाही. तेवढं मात्र मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

ती टॉवेलने केस पुसत राहिली.

"रविवारी तो मेसेज वाचला," ती शेवटी म्हणाली, "आणि दुपारचा जास्तीचा वर्ग घेतला. घरी बसवेना. त्या वर्गात मी सगळ्यांवर इतकी ओरडले की एकजण पोहायला लागला."

"बाई," मी म्हटलं, "एक गोष्ट उरते. त्याचा फोटो जुना आहे. ओठाचं खरं आहे. त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही चूकच त्याची. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, सुळा पूर्ण दिसेपर्यंत.

"अहो, ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे."

"काय?"

"त्यांच्या एका मेसेजच्या शेवटी दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं होतं. 'सरांचं तोंड डावीकडून वाकडं झालंय, फोटो जुना आहे. पण माणूस सरळ आहे. मी सांगितलं असं सांगू नका.' मी उत्तर दिलं, नाही सांगणार. त्यांनी स्वतः सांगावं म्हणून थांबले होते मी. रविवारी सांगतील असं वाटत होतं."

मेणबाई! आणि मी तिच्यावर खेकसले होते.

७

शनिवारी कारखान्यात खोकी बांधून ठेवलेली होती. दादा शेवटची कवळी पुरी करत होता, हात नेहमीसारखे प्लास्टरात. आम्ही त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पळाला असता.

ती आली, दारात चप्पल काढली. दादाने मान वर केली आणि लगेच स्टुलावर गर्रकन फिरला. उजवी बाजू पुढे.

ती काही न बोलता वळसा घालून डावीकडे गेली. दादा पुन्हा फिरला. ती पुन्हा वळसा घालून आली. लेक, जावई, मेणबाई आणि मी, सगळे खोक्यांमागे उभे. मास्तर जिन्यात. आत यायची त्यांची हिंमत नव्हती, आणि मीही बोलावलं नव्हतं.

"अहो, थांबा आता," ती म्हणाली. "चक्कर येईल मला."

दादाने तोंड झाकायला हात उचलले. ते कोपरापर्यंत पांढरे, ओले. त्या हातांनी काय झाकणार? त्याने ते तसेच हवेत धरले. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या हाताला, अगदी जवळ बसली.

"माझा फोटो," दादा म्हणाला. "माझा फोटो जुना आहे. मी असा दिसतो. आधीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. "हेच तुमच्या तोंडून ऐकायला एवढ्या लांब आले."

दादा हसला. अर्ध्याच तोंडाने, वेडावाकडा. वर्षभरात पहिल्यांदा तो कोणासमोर हसला असेल. ती त्या हसण्याकडे नीट, काही न चुकवता बघत होती. मेणबाई गुपचूप एका खोक्याची दोरी सोडायला लागली.

"जरा कोणीतरी लिहून घ्या रे," दादा सवयीने म्हणाला, "उद्या लेकीकडे सामान नेणाऱ्या गाडीवाल्याला, की येऊ नकोस."

चौघेही पुढे धावले. मी सगळ्यांच्या आधी पोचले, खिळ्यावरचा टॅबलेट काढला आणि पर्समध्ये टाकला, टायच्या शेजारी.

"हात धू," मी दादाला म्हटलं, "आणि स्वतः लिही."